चिंचेनं घासलेलं नाणं

आमच्या घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ आणि नजर अशी की जिन्यात सांडलेला तांदळाचा दाणासुद्धा सुटत नाही. आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नसतात, आवाज होतो. मी तोंडावर ‘हो’ म्हटलं आणि घरात येऊन नवऱ्यापाशी तासभर धुसफुसले. मला कुणी शिस्त शिकवलेली आवडत नाही. मी इतरांना शिकवते, ते वेगळं.

अशा बाईंनी आमच्या चौदा वर्षांच्या लेकीच्या हाती आपल्या आईचं नाणं द्यावं, याचं मला फार आश्चर्य वाटलं होतं.

झालं असं, की लेकीला शाळेत रेफेराट होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं. विषय होता, पहिल्या महायुद्धानंतर कोसळलेला जर्मन पैसा पुन्हा सावरला कसा. त्या काळातली एखादी वस्तू मिळाली तर घेऊन या, असं शिक्षिकेनं सांगितलं होतं. आमच्या घरात त्या काळातलं काय असणार? आमची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. मग लेक वर गेली आणि दोन तासांनी खाली आली ती हातात एक इवलीशी डबी घेऊन.

डबीत दोन फेनिगचं, म्हणजे दोन जर्मन पैशांचं, तांब्याचं नाणं होतं. काळं ठिक्कर. निरखून पाहिलं तर त्यावर गव्हाची पेंढी दिसत होती. लेकीनं मला त्याची गोष्ट सांगितली, अर्धी जर्मनमध्ये, अर्धी हातवाऱ्यांनी.

१९२३ साली घरमालकीणबाईंची आई आठ वर्षांची होती. तिचे वडील यंत्रांच्या कारखान्यात कामाला. पगार रोज दुपारी व्हायचा आणि तिची आई तेव्हाच फाटकापाशी पिशवी घेऊन उभी असायची, कारण संध्याकाळपर्यंत पावाचा भाव बदललेला असे. नोटांवरची शून्यं मोजता मोजता माणसं थकली होती. त्या हिवाळ्यात नवा पैसा आला. जमीन आणि कारखाने यांच्या तारणावर काढलेला, असं सरकारनं सांगितलं. आता नोट नेऊन दिली म्हणून काही कुणी शेताचा तुकडा कापून देणार नव्हतं. पण लोकांनी विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि तो पैसा टिकला. वडिलांनी मुलीच्या हातावर हे नाणं ठेवलं तेव्हा तिला मात्र खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली आणि विचारलं, याचं काय येतं? बेकरीवाल्यानं एक छोटा पाव दाखवला. ती नाणं मुठीत धरून घरी परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तोच पाव. मग ती महिनाभर रोज सकाळी जाऊन विचारत राहिली आणि रोज तेच उत्तर ऐकून खूश होऊन परत येत राहिली. त्या आनंदात नाणं खर्चायचं राहूनच गेलं.

देश सावरला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला त्या आठ वर्षांच्या मुलीमुळे जेवढं कळलं तेवढं कुठल्या आलेखातून कळलं नसतं. पुढच्या युद्धात बाईंचं घर बॉम्बखाली गेलं. आईच्या लहानपणाची म्हणून त्यांच्याकडे उरलेली ही एकच वस्तू. त्यांनी लेकीला अट घातली होती, जसं देतेय तसंच परत यायला हवं.

आता यात आमच्या सासूबाई आल्या.

सासूबाई दिवाळीसाठी पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांना रिकामं बसवत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी ऑफिसातून परतले तर देवघरातली समई, तांब्या, घंटा, सगळं लखलखत होतं. तबकात चांदीचं नाणं, चार युरो आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेलं, गुलाबीसर झळाळणारं आणखी एक नाणं. त्यावर गव्हाची पेंढी. तिचा दाणा न् दाणा दिसत होता.

“अहो आई, हे कुठून आणलंत?” माझा आवाज चढला.

“पोरीच्या टेबलावर होतं. लक्ष्मीचं नाणं कुणी असं काळंमिट्ट ठेवतं का गं? चिंच-मीठ लावून अर्धा तास घासलं तेव्हा कुठे उजळलं.”

“ते लक्ष्मीचं नाहीये हो!”

“नाही कसं? धान्याची पेंढी आहे त्यावर.”

तेवढ्यात लेक आली, तबक पाहिलं आणि किंचाळली, “नाइन, नाइन, नाही!” तिनं फोनवर शोधून मला दाखवलं की जुनी नाणी कधीही घासायची नसतात, त्यांचा काळेपणा हाच त्यांचा मान असतो. मग मी सगळ्यांवर ओरडले. सासूबाईंवर, डबी उघड्यावर ठेवली म्हणून लेकीवर आणि नुसतंच “उद्या बघू या” म्हणाला म्हणून नवऱ्यावर. सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांचे चिंचेनं आंबलेले हात मांडीवर तसेच पडलेले पाहून मला माझीच लाज वाटली.

“चल, वर जाऊ,” मी लेकीला म्हटलं. ताटलीत चकल्या-करंज्या घेतल्या. सरळ सांगायचं तर लाचच.

“चूक माझी आहे, मी पण येते,” म्हणत सासूबाई नवी साडी सावरत आमच्या मागे जिना चढल्या.

जिन्यात जुळवलेली माझी सगळी जर्मन वाक्यं दारात पोचेपर्यंत विस्कटली. कसंबसं सांगितलं आणि नाणं पुढे केलं. घरमालकीणबाईंनी ते घेतलं, चष्मा लावला आणि दिव्याखाली जाऊन बसल्या. लेकीनं माझा हात घट्ट धरला होता.

“रागावली का गं ती?” सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या.

“आल्झो, तर मग,” बाई म्हणाल्या. मग त्या लेकीकडे पाहून बोलू लागल्या. “शेवटच्या वर्षी आईला फारसं काही आठवत नव्हतं. मी हे नाणं रोज तिच्या हातात द्यायची. ती ढकलून द्यायची. म्हणायची, ‘हे माझं नाही, माझं चमकत होतं. मी दुकानात शिरले की बेकरीवाला म्हणायचा, आली सोनेरी नाण्यावाली!’ मी तिला समजवायची, ‘आई, फेनिग असा कधी चमकतो का, तू विसरतेस.’ एकदा तर मी चिडून भांडलेसुद्धा तिच्याशी.” त्यांनी नाणं बोटांत फिरवलं. त्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. “ती विसरली नव्हती. मीच कधी पाहिलं नव्हतं.”

मी हे सासूबाईंना मराठीत सांगायला लागले आणि मधेच मला रडू आलं. चारचौघांत रडायला मला मुळीच आवडत नाही. सासूबाई मात्र पुढे झाल्या, पदराच्या टोकानं पेंढीच्या खाचेत राहिलेलं कुंकू हलकेच टिपलं आणि मला म्हणाल्या, “सांग तिला, उरलेली चिंच देऊन जाईन. काळं पडलं की घासायचं, त्यात काय एवढं!”

मी सांगितलं. “गेनाऊ, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या, डोळे पुसले आणि ताटलीकडे बोट दाखवून विचारलं, यातलं तिखट कोणतं? मग दोघी समोरासमोर बसून चकल्या खात राहिल्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी जर्मनमध्ये, आणि आम्हाला कुणी भाषांतर विचारत नव्हतं.

रेफेराट छान झालं. नाणं खोटं आहे का, असं वर्गात एकानं विचारलं, तेव्हा लेकीनं म्हणे त्याला चिंचेवर दुसरं रेफेराट दिलं.

सासूबाई जानेवारीत पुण्याला परतल्या. गेल्या शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. जिना झाडला होता की नाही, हे मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. कपाळावर नेहमीची आठी नव्हती. त्यांनी मूठ उघडून मला नाणं दाखवलं, ते जरासं काळवंडलं होतं.

“तुम्ही दिलेली चिंच संपली,” त्या म्हणाल्या. “थोडी आहे का? उद्या आईचा वाढदिवस आहे, दफनभूमीत जायचंय. या वेळी तिला तिचंच नाणं दाखवणार आहे.”