पाच मिलिमीटर

सनबोर्डची, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकची, शीट कापताना उडणाऱ्या पांढऱ्या भुग्याला एक कडवट रासायनिक वास असतो, आणि तो आला की मला धुळ्यातले ते कृषी प्रदर्शन आठवते. केळीवरील रोगांचा आठ फुटी तक्ता मी दोन महिने खपून तयार केला होता. विभागप्रमुखांनी मात्र माझे नाव काढून तिथे स्वतःच्या नावाची सोनेरी अक्षरे चिकटवून घेतली. तरीही मी त्यांना सांगितले, की तक्त्याचा काळा रंगवलेला सनबोर्ड एप्रिलच्या उन्हात पाच मिलिमीटर तरी वाढेल, म्हणून स्क्रूची भोके सैल ठेवावीत. ते सर्वांदेखत हसले. "मॅडम, बोर्ड लावायचाय, रॉकेट नाही सोडायचं. घट्ट आवळा." सकाळच्या गारव्यात मंडपाबाहेर बोर्ड ठोकणाऱ्या भाऊंनी मला हळूच विचारले, "ताई, भोकं मोठली करू का? उनमा फुगी जाई." मी शांतपणे म्हणाले, "सरांनी सांगितलंय तसंच करा." दुपारी फीत कापायला पाहुणे आले, तेव्हा चारी बाजूंनी आवळलेला बोर्ड मधोमध पोटासारखा फुगला होता, आणि सर माहिती देत असतानाच त्यावरची त्यांच्या नावाची ताठ सोनेरी अक्षरे एकेक करून खाली पडू लागली. गर्दीतले एक आबा मोठ्याने म्हणाले, "साहेब, तुमनं नाव पडी गयं ना!" सगळे खदखदून हसले. आज माझ्या प्रत्येक आराखड्यावर भोके सैल ठेवण्याची सूचना असते. त्या सकाळी मी खोटे काहीच बोलले नव्हते. ते पाच मिलिमीटर फक्त दुसऱ्यांदा सांगितले नाहीत, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.