टिलबीचं वादळ

टोकियोला निघताना माझ्या बॅगेत लेकीसाठी कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मेतकूट होतं, आणि खांद्यावरच्या पिशवीत एका अमेरिकन माणसाचं अख्खं आयुष्य होतं. दोनशे चाळीस पानांची प्रुफं.

माणसाचं नाव ऑर्सन टिलबी. साहसकथा लिहायचा. जन्म समुद्रापासून हजार मैल आत, गव्हाच्या सपाट मुलखात. तरुणपणी त्याने रेल्वेच्या खिडकीत बसून तिकिटं विकली, मग टाइपरायटर विकत गावोगाव हिंडला, आणि चाळिशीला टेकल्यावर एकदम समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहायला लागला. बावीस लिहिल्या. त्यातल्या दोन मी मराठीत आणल्या आणि निवृत्तीनंतरची सात वर्षं त्याचं चरित्र लिहिण्यात घालवली. त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर घडते. महायुद्धानंतर काही वर्षांनी तिथल्या एका लहानशा बंदरात तो हिवाळाभर राहिला, मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि तीन दिवस वादळात सापडला, असं त्याने प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवलंय. मी भूगोलाची शिक्षिका. वादळांचा धडा आला की तीस वर्षं मी मुलांना हीच गोष्ट सांगत आले.

पुस्तक छापायला जाणार, तेवढ्यात टिलबीच्या पुतणीचं पत्र आलं. काकांना तळ्यातल्या होडीतसुद्धा उलट्या व्हायच्या, वादळाच्या गोष्टीवर घरात कोणाचाच विश्वास नव्हता, असं तिने अगदी सहज लिहिलं होतं. प्रकाशकांनी एक महिना दिला. वादळाचं पाचवं प्रकरण खरं की खोटं, एवढंच मला बघायचं होतं. खोटं निघालं तर टिलबीचं काय व्हायचं ते होवो, मी मात्र तीस वर्षं वर्गात थापा मारत होते असा त्याचा अर्थ होता.

मुक्ता, माझी लेक, तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते आणि टोकियोलगतच्या उरायासुला राहते. स्टेशनवरून घरी जाताना फुटपाथ मध्येच वर, मध्येच खाली. मी दोनदा अडखळले.

"दोन हजार अकराच्या भूकंपात इथली जमीन चिखलासारखी झाली होती," मुक्ता म्हणाली. "दुरुस्ती चाललीये अजून. भराव घातलेली जमीन आहे ना."

मी तिथेच खाली वाकून फरशा बघायला लागले. मागून सायकलवरून येणारी एक बाई थांबली, आणि मला काही लागलंय का म्हणून विचारू लागली.

"आई, ऊठ. त्यांना वाटतंय तू पडलीस."

दोन दिवसांनी आम्ही उत्तरेला निघालो. मुक्ताने शनिवारला जोडून रजा काढली होती. बुलेट ट्रेनमध्ये मी कोन्बिनीतून (कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून) घेतलेला ओनिगिरी (भाताचा तिकोनी गोळा) सोडायला घेतला. त्याच्या कागदावर एक, दोन, तीन असे आकडे असतात आणि त्या क्रमानेच तो सोडायचा असतो. मी तीनपासून सुरुवात केली. शेवाळाची पापडी मुक्ताच्या हातात आणि भात माझ्या साडीवर आला.

पुढे लहान गाडी, आणि त्याच्याही पुढे बस. ही बस मजेशीर होती. त्याच भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेने रूळ वाहून गेले, म्हणून रुळांच्या जागी डांबर टाकून तिथून बस सोडली होती. रेल्वेच्या बोगद्यातून बस जाते आणि फलाटाला लागते! शेजारच्या आजोबांना मी मुक्ताकरवी विचारलं, गाडी बरी की बस?

"गाडीची शिट्टी घरात ऐकू यायची," ते म्हणाले. मग पुस्ती जोडली, "घरही नाही म्हणा आता."

एका वळणावर पाटी होती, लाट इथपर्यंत आली होती. मी खिडकीतून समुद्र शोधला, तर तो दिसेचना, इतका लांब. त्या पाटीनंतर दोन्ही बाजूंना नुसते मातीचे ढिगारे आणि डंपर. जुनं गाव होतं तिथे भराव घालून नवं गाव उंचावर बसवायचं चाललं होतं.

टिलबी ज्या मिन्शुकुत (घरगुती लॉजमध्ये) उतरला होता, तिचं नाव मुक्ताने आठवडाभर फोन करकरून शोधून काढलं होतं. मूळ घर गेलं. मालकीण साइतो-सान (सान म्हणजे आपल्याकडचं 'बाई') आता टेकडीवरच्या पत्र्याच्या तात्पुरत्या इमारतीत तेच नाव लावून धंदा चालवत होत्या. सत्तरीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, कमालीच्या चपळ. बांधकामावरचे वीसेक मजूर जेवायला बसले होते, त्यामुळे टिलबीचं नाव काढताच साइतो-साननी हात हलवला.

"अमेरिकन पाहुणा होता. मी दुसरीत होते. उद्या सकाळी बोलू, आता ताटं वाढायची आहेत."

जेवणात भाजलेला सानमा (सुरीसारखा लांबट मासा), वर किसलेला मुळा. आम्ही रत्नागिरीची माणसं, बांगड्याखेरीज कोणाचं कौतुक करायला सहसा तयार नसतो. पण हा मासा मी काट्यासकट कोरून खाल्ला.

सकाळी बंदरावर चक्कर मारावी म्हणून दारात आले, तर माझे बूट जागेवर होते, पण तोंड फिरवून. काल मी ते घराकडे टोक करून काढले होते, आता टोकं दाराकडे. दोन्हींत अंतर नाही, नाड्या आत खोचलेल्या. मी चिडलेच.

"मुक्ता, माझ्या बुटांना कोणी हात लावला? घालून बघितले की काय?"

"आई! हळू बोल. इथे पाहुण्याचे बूट फिरवून ठेवतात, निघताना सरळ पाय घालता यावा म्हणून. उलट आपणच काढताना फिरवायचे असतात."

साइतो-सान मागे उभ्या होत्या. भाषा कळली नसली तरी भांडण कशावरून आहे ते कळलं असावं. त्या हसल्या, आणि दारातल्या पायरीवर बसून बोलायला लागल्या. मुक्ता एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

"लहानपणी हे माझंच काम होतं. रोज संध्याकाळी सगळ्यांचे बूट फिरवायचे. त्या अमेरिकन माणसाचे एवढे मोठे होते की एका बुटात माझे दोन्ही पाय मावायचे."

"वादळाच्या वेळी तो बोटीवर होता ना?" मी विचारलं.

"बोटीवर माझे वडील होते, तोकुजी. बोटीवरचे स्वयंपाकी. तीन दिवस आई दारातून हलली नाही, आणि मीही नाही. त्याचे बूट तिन्ही दिवस आमच्या दारातच होते. कोरडे."

भूगोलाची शिक्षिका सहजासहजी हार मानत नाही. "बोटीवर जायला रबरी बूट घातले असतील कोणाचे तरी!"

हे ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "त्याच्या पायाला बसेल असा बूट अख्ख्या गावात नव्हता. आणि धक्क्यावर उभा राहिला तरी त्याला मळमळायचं."

झालं. पाचवं प्रकरण बुडालं. मला टिलबीचा संताप आला, आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. बूट घालून सरळ स्टेशन गाठावं असं वाटलं.

पण साइतो-सान बोलतच होत्या. तोकुजी काही दिवस अमेरिकन सैनिकांच्या भटारखान्यात होते, त्यामुळे त्यांना मोडकं इंग्रजी येत होतं. वादळातून परतल्यावर ते पंधरा दिवस टिलबीच्या खोलीत बसून बोलत राहिले आणि तो लिहीत राहिला.

मग त्यांनी मला विचारलं, "त्या पुस्तकात बाबा आहेत का? आम्ही कोणी वाचलं नाही. बाबांचा फोटो एकही उरला नाही. चिखलातून निघालेले फोटो धुऊन शाळेच्या जिमखान्यात दोरीला चिमट्यांनी लावले होते. मी वर्षभर दर रविवारी जायचे. शेजाऱ्यांची लग्नं सापडली, बाबा नाही सापडले."

कादंबरीत एक स्वयंपाकी आहे. त्याचं वर्णन मी तीनदा अनुवादलंय, दोनदा खोडलंय, त्यामुळे तोंडपाठ आहे. मी सांगायला लागले. बुटका. डाव्या कानाची पाळी फाटलेली.

साइतो-सानचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला. "गळ लागला होता."

रागावला की माणसांशी बोलायचा नाही, माशांशी बोलायचा. भाताला नावं ठेवणाऱ्याला उपाशी ठेवायचा. वादळात चूल विझू नये म्हणून तीन दिवस तिला पाठ लावून बसला, आणि पाठ भाजली तरी उठला नाही.

"डाग होते," त्या म्हणाल्या. "पाठीवर. मी विसरले होते." आणि त्या रडायला लागल्या. मुक्ताला पुढचं सांगता येईना. मलाही आवरलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा पिशवीतली प्रुफं तीच होती, पण मला ती उघडवेना. टिलबीवरचा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. ऐकलेलं वादळ त्याने स्वतःच्या नावावर चढवलं आणि ज्याचं होतं त्याचं नाव कुठेच घातलं नाही. पण पंधरा दिवस त्याने किती मन लावून ऐकलं असेल, हेही मला नाकारता येत नाही. रत्नागिरीला पोचल्यावर पाचवं प्रकरण मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. ते आता तोकुजीच्या नावाने सुरू होतं. प्रकाशक कुरकुरले, "बाई, चरित्र नक्की कोणाचं आहे?" मी म्हटलं, त्या प्रकरणापुरतं तोकुजीचं.

मुक्ताने ते प्रकरण जपानीत करून साइतो-सानना फोनवर वाचून दाखवलं. रविवारी तिचा मला फोन आला.

"आवडलं त्यांना. पुन्हा वाचायला लावलं. फक्त एक चूक काढलीये. पुस्तकातला स्वयंपाकी गोड आवाजात गातो ना?"

"हो. टिलबीने तसंच लिहिलंय."

"त्या म्हणाल्या, बाबा गायचे, पण फार बेसूर. आई कानात बोटं घालायची. ते तसंच पाहिजे म्हणाल्या."

मी लगेच प्रकाशकांना फोन लावला. पानं मशीनवर चढली होती.

"एका शब्दासाठी छपाई थांबवायची?" ते म्हणाले.

"थांबवा," मी म्हटलं. "आणि लिहून घ्या. बेसूर."