खांबाला न लागलेला चेंडू

आमच्या संघाच्या वर्षअखेरच्या जेवणात एक नक्कल दरवर्षी होते. हात पुसायला दिलेल्या ओल्या रुमालाची गुंडाळी करून कुणीतरी ती लाथेने उडवल्यासारखं करतो आणि दुसरा कुणीतरी चॉपस्टिकने बिअरच्या बाटलीवर ‘टक्’ असा आवाज काढतो. सगळे हसतात. ज्याची नक्कल होते तोही हसतो आणि मान खाली घालून सगळ्यांची माफी मागितल्याचं नाटक करतो. मी वयाने मोठा म्हणून मानाच्या जागेवर बसलेला असतो. मीही हसत आलो आहे. आता माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे. तो आवाज झालाच नव्हता, हे मी लिहून ठेवायला हवं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. मी तेव्हा जपानमधल्या कावासाकीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. येऊन बरीच वर्षं झाली होती. बायको इथलीच. लग्नानंतर दोन वर्षं ती सांगलीला माझ्या आईजवळ राहिली, त्यामुळे तिचं मराठी अगदी आईच्या वळणाचं होतं. परतल्यावरही ती मला ‘अहो’च म्हणायची आणि कारखान्यातल्या पार्ट्यांमध्ये लोक वळून बघायचे.

रविवारी सकाळी मी तामा नदीच्या काठाने फिरायला जात असे. काठावर ओळीने बेसबॉलची मैदानं आहेत. एकदा त्यातल्या शेवटच्या, खडबडीत मैदानावर काही मुलं लांबट चेंडू घेऊन खेळताना दिसली. चेंडू रग्बीसारखा, पण खेळ रग्बी नव्हता. मुलं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकवून हवेत चढत होती आणि पडत होती. दोन्ही टोकांना चार-चार बांबू रोवलेले, मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. एक सोनेरी केसांचा माणूस ओरडत होता. स्टेशनजवळच्या वर्गात इंग्रजी संभाषण शिकवणारा तो ऑस्ट्रेलियन होता. त्याने आपले विद्यार्थी, त्यांचे कॉलेजातले मित्र आणि दोन-तीन नवखे नोकरदार गोळा करून हा संघ बनवला होता. ऑस्ट्रेलियात हा खेळ क्रिकेटच्याच मैदानावर हिवाळ्यात खेळतात, असं त्याने मला सांगितलं. मला वाटतं, मी थांबलो तो त्या एका वाक्यामुळे. क्रिकेट सोडून मला बरीच वर्षं झाली होती आणि इथे कुणाशी त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

संघ वाईट होता. मुलं वेगाने धावत, चेंडू चांगला पकडत, पण समोरच्याला धक्का लागला की थांबून ‘सुमिमासेन’ म्हणत. तोपर्यंत चेंडू पुढे गेलेला असे.

“माफी मागू नका, धावा!” प्रशिक्षक ओरडायचा.

“सुमिमासेन!” मुलं त्यालाही म्हणायची.

हरणाऱ्या संघाचा चाहता होणं ही एक सवय आहे, ती लागली की सुटत नाही. सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माझ्या डोक्यात पुढच्या रविवारचा संघ मांडला जाई. उंच मुलाला मध्ये घ्यावं, चपळ मुलाला कडेला. वर्षभर अशीच वाढली तर ही पोरं कुणालाही ऐकणार नाहीत, असं मी बायकोला सांगत असे. ती बटाटेवडे तळून द्यायची. मुलं ते सोया सॉसमध्ये बुडवून खायची. तिला ते बघवत नसे, पण दर रविवारी ती सॉसची बाटली स्वतःच पिशवीत ठेवायची.

एक मुलगा मला सगळ्यांत जवळचा होता. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. नेम त्याचा सर्वांत चांगला. रात्री एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करून सकाळी तसाच मैदानावर यायचा. मला तो ‘ओजिसान’, म्हणजे काका म्हणायचा. एप्रिलपासून त्याला नागोयात मोटारींच्या कारखान्यात नोकरी ठरली होती. तिथे एकदा रुजू झालं की पहिली काही वर्षं सुट्टीचं नाव काढायचं नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

त्या वर्षी प्रशिक्षकाच्या मेलबर्नमधल्या जुन्या क्लबाने निरोप पाठवला. “हिवाळ्याआधीच्या शेवटच्या सामन्यात जो संघ जिंकेल, त्याने मार्चमध्ये आमच्याकडे यावं, आमच्या घरांत राहावं, आमच्या मैदानावर खेळावं.” सामना आमचा आणि ओसाकाच्या संघाचा होता. आमच्या मुलांनी जास्तीच्या पाळ्या करून तिकिटाची तयारी चालवली. त्या मुलाने मेलबर्नचा नकाशा आणून ट्रामचे मार्ग पाठ केले. “ओजिसान, तुम्ही पण चला. मैदान पूर्ण गोल आहे म्हणे,” तो म्हणाला. त्याच्यासाठी ते एकच वर्ष होतं. मार्चमध्ये गेला तर गेला.

आता गोल ठरवणाऱ्या पंचाबद्दल. या खेळात मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू स्वच्छ गेला तर गोल होतो, सहा गुण मिळतात. तो खांबाला नुसता चाटून गेला तरी एकच गुण. हे ठरवायला खांबांमागे एक पंच उभा असतो. सहा गुण असतील तर तो दोन्ही हातांचं एकेक बोट दाखवून दोन पांढरे झेंडे हलवतो, आणि एक असेल तर एक बोट, एक झेंडा. मोठ्या सामन्यांत हा पंच पांढरा कोट घालतो. आमच्यासारख्या छोट्या स्पर्धेत प्रत्येक संघाने एकेक पंच द्यायचा असे. आमचा पंच मी होतो. कोट कारखान्यातला होता. झेंडे बायकोने जुन्या चादरीचे शिवले होते.

ओसाकाची मुलं रात्रभर बसने प्रवास करून आली होती, तरी तोंड बंद नव्हतं. त्यांचा कर्णधार माझ्याजवळ आला आणि कोटाकडे बघून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आज ऑपरेशन कुणाचं? आमचं?”

मी हसलो.

“ऐकलं, तुम्ही यांना दर रविवारी जेवू घालता. झेंडे आपोआप हलणार नाहीत ना?”

“झेंडे चेंडूवर अवलंबून आहेत,” मी म्हणालो.

“बघू हं, काका. आम्ही मोजतोय.”

तो थट्टाच करत होता. ओसाकात लोक अशीच ओळख करून घेतात. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. दुसऱ्या सत्रात मी आमच्या मुलांना एक गोल दिला. तो बरोबर होता. तरी त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला काहीतरी बोलला आणि दोघेही माझ्याकडे बघून हसले. त्यानंतर सामना संपेपर्यंत मी चेंडूइतकाच स्वतःलाही पाहत होतो.

शेवटी आम्ही चार गुणांनी मागे होतो. वेळ संपल्याचा भोंगा वाजायच्या जरा आधी त्या मुलाने चेंडू हवेत झेलला. असा झेल मिळाला की भोंग्यानंतरही एक लाथ मिळते. सगळे थांबले. गोल झाला तर आम्ही दोन गुणांनी जिंकणार होतो. जागा अवघड होती, उजव्या बाजूला, तिरपी. तो मागे गेला, धावत आला, त्याने मारला.

चेंडू खांबांच्या आतून गेला. मी थेट त्याच्याखाली उभा होतो. कशालाही लागला नाही. मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही.

मी एक बोट दाखवलं.

इतकी वर्षं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आलो की मला नीट दिसलं नाही. ते खरं नाही. त्या क्षणी माझ्या मनात चेंडू नव्हताच. दोन बोटं दाखवली तर ओसाकाचा कर्णधार हसेल, एवढंच होतं. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. आपल्या माणसाला मुद्दाम कमी देऊन स्वतःला न्यायी म्हणवून घेणारी माणसं मी लहानपणी घरात पाहिली होती. माझे वडील शाळेत शिक्षक होते आणि वर्गात आम्हा भावांना हमखास एक गुण कमी देत. लोक त्यांचं कौतुक करत. मीही तेच केलं, पण चेंडू माझा नव्हता.

आमची मुलं ओरडत माझ्याकडे यायला लागली. “आतून गेला! आतून गेला!” मैदानावरचा पंच धावत आला. तो तिसऱ्याच एका संघाचा होता. त्याने विचारलं, “खांबाला लागला?”

“हो,” मी म्हणालो.

तेवढ्यात तो मुलगा सगळ्यांच्या पुढे आला. हात आडवे करून त्याने आपल्याच मित्रांना थांबवलं. “लागला. मी आवाज ऐकला. टक् असा. बांबूचा.”

मुलं मागे सरली. मी एक झेंडा हलवला. दोन्ही संघ ओळीने उभे राहून एकमेकांना वाकले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने भांडी घासता घासता ऐकलं. “अहो, मग आत्ताच फोन करा ना त्या मुलाला. ओसाकावाले अजून बसमध्येच असतील, निकाल बदलता येईल.”

“बघू,” मी म्हणालो.

“बघू म्हणजे नाही,” ती म्हणाली. इतकं मराठी तिला आईने शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी तो मुलगा मैदानावर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. आपल्याकडे मुलाने डोकं भादरलं की एकच अर्थ होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “वडील?”

त्याला आधी कळलं नाही. मग तो मोठ्याने हसला. “बाबा ठणठणीत आहेत. हे त्या लाथेसाठी.”

इथे मोठी चूक झाली की मुलं डोकं भादरून सगळ्यांसमोर येतात. बेसबॉलच्या शाळकरी मुलांचं मी पाहिलं होतं. त्याने सगळ्या संघासमोर वाकून माफी मागितली. एक-दोघांनी त्याच्या गुळगुळीत टाळूवर हात फिरवला, तेलाचं दुकान म्हणून चिडवलं, आणि सराव सुरू झाला. मी तिथेच, बांबूंच्या मागे उभा होतो. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी वड्यांचा डबा उघडला.

ओसाकाची मुलं मेलबर्नला गेली. एप्रिलमध्ये तो अर्धवट वाढलेल्या केसांनी नागोयाला नोकरीवर रुजू झाला. नंतर तो मेलबर्नला कधी गेला नाही. आमचा संघ पुढे चांगला झाला, बरेच सामने जिंकला. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. वर्षअखेरच्या जेवणाला तो न चुकता येत राहिला आणि ती नक्कल होत राहिली.

गेल्या वर्षी बायको गेली. शेवटच्या आजारातही तिने एकदा विचारलं होतं, “सांगितलं का हो त्याला?” थंडी ओसरल्यावर मी शिनकानसेन या वेगवान गाडीने नागोयाला गेलो. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात आम्ही बसलो. तिथे सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि अंडं येतंच. तो आता पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप. मी टोस्टला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“मीच मारला होता ना. पायाला कळतं.”

“मग आवाज ऐकला म्हणून का सांगितलंस?”

त्याने अंडं सोलायला घेतलं. “सगळे तुमच्या अंगावर येत होते. तुम्ही त्या कोटात एकटे होता. मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःच सांगाल.” मग म्हणाला, “डोकं लाथेसाठी नव्हतं भादरलं. आवाजाचं खोटं बोललो होतो, त्यासाठी. माझ्या शब्दामुळे बाकीचेही गप्प बसले. त्यांचंही मेलबर्न गेलं.”

एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी एकाचं नुकसान मोजत होतो.

“या वर्षीच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगतो,” मी म्हणालो.

“नको. तेव्हा सगळे प्यायलेले असतात, रडतील. लिहून पाठवा.”

“मग तुझा भाग गाळतो.”

“का म्हणून? ते विचारतीलच की आवाज कुठून आला. माझंही लिहा.”

म्हणून त्याचंही लिहिलं आहे. जपानीत वेगळं लिहून संघातल्या सगळ्यांना पाठवलं आहे. हे माझ्या माणसांसाठी.

तो मला प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवायला आला. गाडी यायला अवकाश होता. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “ओजिसान, एक विचारू? मी तिरप्या जागेवरून मारला, बाकीचे सगळे माझ्या मागे होते. कसा गेला तो, हे फक्त तुम्ही पाहिलंय.”

ते मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवरच मी हातांनी दाखवलं. चेंडू निघाला तेव्हा उजव्या बांबूच्या बाहेर होता. मला वाटलं, गेला. मग उलटा-उलटा फिरत तो हळूहळू आत वळला, वाऱ्याने नव्हे, तुझ्या पायाने. बांबूच्या शेंड्याच्या जरा खालून आत शिरला आणि माझ्या टोपीवरून गेला. त्याची शिवण मला दिसली.

“बांबूपासून किती आत?”

मी हात लांब केला. “एवढा. एक हात.”

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. “एक हात? मला वाटायचं, जेमतेम गेला असेल.”

“नाही,” मी म्हणालो. “चांगला एक हात आत होता.”