बाळाकाकांनी न घेतलेला फेर

"नलू, तुझे काका गेले बघ. चहा पिऊन बसले होते, बसल्या जागीच..." काकूचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रडू आलंच. पण थोड्या वेळाने वाटलं, बाबांचा हा धाकटा भाऊ जगलाही असाच, निवांत. काका जाऊन आता दीड महिना झाला.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागातले कितीतरी जण आखातात गेले, तसे काका मस्कतला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायला गेले. काकू खारबावच्या शाळेत शिक्षिका. भिवंडीला कॉलेज करायचं म्हणून मी तिच्याकडे राहत होते. काका पहिल्या सुट्टीवर आले ते एक लाकडी पेटी घेऊन. आम्हाला वाटलं, टेपरेकॉर्डर! उघडली तर आत रंगीत पट, फासे आणि सोंगट्या. तिकडे या खेळाला टावला म्हणतात. फासे पडतील तशा आपल्या सोंगट्या चालवत घरात आणायच्या. ज्याच्या आधी पटाबाहेर निघतील तो जिंकला. काकू नाक मुरडत बसली, हरली आणि भडकली. "शाळेत पोराचा पाढा चुकला तर मी परत म्हणायला लावते. मग मीच काय घोडं मारलंय?" झालं, आमच्या घरात 'फेर' आला. डावात एकदा प्रत्येकाला पडलेलं दान रद्द करून फासे पुन्हा टाकता येतील. मात्र दुसऱ्यांदा पडेल ते निमूट घ्यायचं.

"मस्कतला असा नियम न्हाय," काका कुरकुरले.

"हे मस्कत न्हाय, खारबाव हाय."

काकू आपला फेर सुरुवातीलाच उधळून टाकायची. काका मात्र तो शेवटपर्यंत जपायचे, अगदी कंजुषासारखे.

सुट्टी संपत आली. काकांनी परत जाऊ नये असं काकूला फार वाटे, पण घराचं बांधकाम अर्धवट, तिकडचा पगार चांगला. थांबा म्हणणार कुठल्या तोंडाने? एका संध्याकाळी काकाच पट मांडून म्हणाले, "तू जिंकलीस तर मी राहतो. हरलीस तर हसत निरोप द्यायचा." मला संताप आला. संसाराचं असं कुणी ठरवतं का? काकूने मात्र पदर खोचला.

डाव रंगला. शेवटी काकूची एकच सोंगटी उरली, पुढच्या दानात ती निघणारच होती. काकांच्या दोन उरलेल्या आणि पाळी त्यांची. फासे पडले दोन आणि एक. एवढ्या दानात दोन्ही निघणं शक्य नव्हतं. "काका, फेर घ्या, फेर आहे तुमचा!" मी बावळटासारखी ओरडले. त्यांनी शांतपणे एक सोंगटी सरकवली आणि फासे काकूपुढे ठेवले.

काका राहिले. भिवंडीजवळ टेमघरला पॉवरलूमच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, घर सावकाश पुरं केलं आणि पुढे रोज संध्याकाळी बायकोकडून शिव्या खात टावला खेळले. "मुद्दाम हरलात ना?" असं मी किती वेळा छेडलं. "फासे पडले तसा खेळलो," एवढंच म्हणत.

परवा खारबावला गेले, तेव्हा काकूला म्हटलं, "तुझ्यासाठी डाव सोडला गं त्यांनी."

ती खुदकन हसली. "जिंकले असते तरी जाणार कुठे? चार दिवस आधीच त्यांचा पासपोर्ट मी तांदळाच्या डब्यात पुरला होता."

"आणि काकांना कळलंच नाही?"

"मी सकाळी शाळेत जायची," काकू म्हणाली. "भात तेच लावायचे."