फील्ड म्हणजे शेत

पोथी मी भिजू दिली नाय, म्हणून मार खाल्ला. ऐका तर.

नऊ वर्षांची होते. कासू गावात अण्णांच्या जमिनीत आई राबायची, आम्ही त्यांची कुळं. पावसाळा सरला की अण्णांच्या घरची पोथी खळ्यात उन्हाला घालायचे, बुरशी धरू नये म्हणून. पाटावर पोथी, उघड्या पानावर देवाच्या रथाचं चित्र, आणि कोंबड्या हाकलायला मी. लांब काठी घेऊन, चार हात दूर. त्या दिवशी अवचित सर आली. हाका मारल्या, घरातून कुणी येईना. मग पोथी पोटाशी धरली आणि धावत ओटीवर चढले. दोन पापं एकदम. पोथीला हात आणि ओटीला पाय.

अण्णा बाहेर आले. आवाज चढवला नाय. गोड बोलले.

"भिजली असती तरी चाललं असतं गो. तू कशाला हात लावलास?"

पोथीवर गोमूत्र शिंपडलं. म्हणजे शेवटी ती भिजलीच. आईने त्यांच्यासमोर मला थोबाडलं, मग स्वतःच्या गालांवर मारून घेतलं. माझा मार मी विसरले. तिचा नाय.

लग्न होऊन जोह्याला आले. इथे घरोघर गणपतीचे कारखाने. मी घासकामाला लागले. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. देवाचं पोट, सोंड, कान, सगळं माझ्या हाताखालून गेलं. तिथे कुणी गोमूत्र शिंपडलं नाय. मूर्ती बांधायला पेणहून रद्दी यायची. एकदा त्यात जाडं इंग्रजी पुस्तक निघालं, पुठ्ठा फाटलेलं. आत चित्र. रथ, घोडे, आणि लगाम धरून बसलेला देव. ओळखलं मी. तीच पोथी. मराठीतली सोवळ्यात, इंग्रजीतली रद्दीत. मला मिळाली ती मी घेतली.

इंग्रजी कुठलं येतंय? शाळा चौथी. एबीसीडी मुलीच्या पुस्तकातून शिकले. माझ्या शेजारी घासायला जैबून बसायची, तिचा नवरा कुवेतला. त्याचे कागद वाचायला तिने डिक्शनरी ठेवलेली, ती मला दिली. म्हणाली, "तुझ्या देवाला माझी डिक्शनरी चालेल काय गो?" मी म्हटलं, देवाला चालेल, अण्णांचं माहीत नाय.

दिवसाला तीन-चार ओळी. त्यातल्या अर्ध्या चुकायच्या. सोल म्हणजे काय विचारलं तर मुलगी म्हणाली, चपलेचा तळ. महिनाभर आत्म्याला मी चपलेचा तळ समजत होते.

मग एक पान आलं. हे शरीर म्हणजे फील्ड, असं देव सांगतो, आणि ते ओळखणारा तो खरा जाणता. डिक्शनरी उघडली. फील्ड म्हणजे शेत.

हात थांबला माझा. माझ्या आईचा जन्म चिखलात गेला, आणि देव शेताचीच गोष्ट सांगत होता? मग ती पोथी आमच्यापासनं चार हात दूर का ठेवली?

त्याच वर्षी पेणला देवळापुढच्या मांडवात प्रवचन होतं. सांगणारे अण्णांचे चिरंजीव, रिटायर मास्तर. नेमका तोच अध्याय. त्यांनी विचारलं, क्षेत्र म्हणजे काय, कोण सांगेल? बायकांतून मी म्हटलं, शेत.

ते हसले. "मावशी, इथे भात नाय लावायचा."

सगळा मांडव हसला. माझ्या शेजारचीपण.

नऊ वर्षांची असते तर मान खाली घातली असती. उभी राहिले.

"इंग्रजीत फील्ड लिवलंय, मास्तर. फील्ड म्हणजे शेत."

"इंग्रजीत कशाला वाचता? मराठीत नाय काय पोथी?"

"मराठीतली तुमच्या खळ्यात सुकत होती. मी कोंबड्या हाकलत होते."

हसणं थांबलं. त्यांना काय आठवलं, काय नाय, त्यांचं त्यांना ठाऊक. मग हळूच म्हणाले, तसं बघितलं तर शेत हा शब्द क्षेत्रावरूनच आलाय. तसं बघितलं तर! मग इतकी वर्षं तसं बघितलं का नाय?

दुसऱ्या दिवशी निरोप आला. घरी या, ओटीवर बसा, मराठीतनं नीट समजावून सांगतो, आता आम्ही तसलं काय पाळत नाय. चांगल्या मनाने सांगितलं असेल. मी गेले नाय. अर्थ त्यांनी सांगायचा आणि मी मान डोलवायची, तर ओटी काय आणि खळं काय, सारखंच.

आता जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच वाचते. बायका डबे सोडून भोवती बसतात, जैबूनपण. पानापानांवर प्लास्टरचे पांढरे अंगठे उमटलेत. हात धुऊन या, असं मी कुणाला सांगत नाय. चुकलं तर आमचं आम्ही दुरुस्त करू. आणि सर आलीच, तर पोथी आम्ही उचलणार. कुणाला हाक मारणार नाय.