पिठावरची पावलं

खरं सांगा, घराला कुलूप लावल्यावर तुम्ही ते किती वेळा ओढून बघता?

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी कुलूप लावायलासुद्धा विसरत असे. तिशीत एकदा ओढून बघू लागले. आता चाळिशी उलटली. आता ओढून बघते, चार घरं पुढे जाते आणि पुन्हा मागे येऊन ओढते! आमच्या गल्लीत आणखी एक घर बंद आहे. ते माझं नाही. पण जाता-येता हात त्याच्याही कुलपाकडे जातो.

असे किस्से साठत जातात, शिंप्याकडच्या चिंध्या साठतात तसे. एकटी चिंधी कशाच्याच उपयोगाची नसते, पण टाकवतही नाही. म्हणून आज जोडून बघते.

दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि गल्ली शांत झाली की आमच्या ओसरीवर आम्ही चौघी शिवायला बसत असू. माझी मुलींची शाळा सकाळची, म्हणून सगळ्या मला 'बाई' म्हणतात. शेजारच्या गोदूताई, त्यांचा मुलगा कचेरीत कारकून. समोरच्या बोळातली नरसम्मा, तिच्या घरी हातमाग. आणि अंबाक्का, धान्याच्या व्यापाऱ्याची विधवा, अक्कलकोटकडची. मुलाशी मराठीत बोलायची आणि भांडायची मात्र कानडीत.

आमचा एक नियम होता. येईल तिने आधी आठवड्यातला एक शोध सांगायचा, मग सुई हातात घ्यायची. हा नियम अंबाक्काचा.

"नुसत्या सुया चालवून तोंडाला गंज चढतो की!" ती म्हणायची.

सुरुवातीला शोध असायचे ते चवीचे आणि रंगाचे. कुठल्या विहिरीच्या पाण्यात तूर लवकर शिजते, पातळावरचा गंजाचा डाग लिंबानं कसा जातो. पुढे पुढे बघते तर आमचे सगळे शोध जपून राहण्याचेच होऊ लागले.

त्या थंडीत आम्ही एक दुपटं शिवत होतो, अंबाक्काच्या होणाऱ्या नातवंडासाठी. तिची सून गिरिजा, सासूला 'अत्ती' म्हणणारी; तिला आठवा महिना लागला होता. ते दुपटं सध्या माझ्या ट्रंकेत आहे, कडुनिंबाच्या पाल्यात. गल्लीतलं ते बंद घर त्यांचंच.

*

गोदूताईंच्या मुलानं स्टो आणला. गल्लीतला पहिला! गोदूताईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. मुलगा रागावला तेव्हा त्यांनी शोध लावला. पेटता काकडा काठीला बांधायचा, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि तिथून स्टोला लावायचा. पंप मारायला जवळ जावंच लागतं, तर तेवढा वेळ तोंड भिंतीकडे करायचं.

एकदा मी गेले तर स्टोवर चहा उकळत होता आणि शेजारी चूलही धडधडत होती.

"अहो, चूल कशाला?"

"स्टो फुटला तर चहा अडायला नको ना!"

ओसरीवर ही गोष्ट निघाली तेव्हा नरसम्मानं विचारलं, "आन् संगट तुमीबी फुटला तर?"

"मग चहा पिणार कोण आहे!"

आम्ही फार हसलो. त्यांची धाकटी जाऊ पदर पेटून गेली होती हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ती पेटली होती चुलीवर. पण चुलीला गोदूताई कधी भ्याल्या नाहीत. चूल ओळखीची होती.

*

नरसम्माचा एक शोध विंचवाचा. झटकल्याशिवाय चिंधीला हात लावायचा न्हाय! तिच्या लहानपणी तिला एकदा विंचू चावला होता, तेव्हापासून ती भाकरीचं फडकंसुद्धा झटकून घेई.

एका दुपारी तिनं गाठोड्यातली हिरवी चिंधी घेतली आणि सवयीप्रमाणे झाडली. त्यातून खरोखरच विंचू उडाला, तो नेमका गोदूताईंच्या मांडीवर! गोदूताई उभ्या राहिल्या की उडाल्या हे मला सांगता येणार नाही. अंबाक्कानं शांतपणे माझा तांब्या उचलला आणि विंचवावर पालथा घातला.

धाप ओसरल्यावर गोदूताई म्हणाल्या, "नरसम्मे, शोध चांगला आहे ग तुझा. पण पुढच्या वेळी तोंड तुझ्या घराकडे करून झटक!"

*

माझा शोध म्हणजे चष्मा. शाळेत फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली म्हणून डोळे तपासून घेतले. चष्मा घालून पहिल्याच दिवशी घरी आले आणि पाण्याच्या हंड्यात डोकावले. तळाशी दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळत होते! हाच हंडा, हेच पाणी. इतकी वर्षं मी स्वतः प्यायले आणि पाहुण्यांनाही दिलं. त्या दिवसापासून हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधते.

मी अंबाक्कालाही म्हटलं, "तुम्हीही डोळे दाखवा. सुईत दोरा मीच ओवून देते तुम्हाला."

"नको ग बाई. दिसत न्हवतं तवर पचत होतं की! काढा ती काच."

*

नरसम्माचा सगळ्यांत आवडता शोध मात्र तिच्या नवऱ्याचा, मल्लय्याचा. त्याला छातीचा खोकला होता. ती म्हणायची, "डाक्टर कशाला? माग सांगतो की! खटक-खटक चालू हाय तवर माणूस ठीक. माग थांबला की पळायचं."

समोरच्या बोळातला तो आवाज आमच्या ओसरीवर स्पष्ट यायचा. एकदा बोलता बोलता तो थांबला. नरसम्मा मांडीवरचं सगळं टाकून, पायांत दोरा गुंतला होता तशीच धावली. जाऊन बघते तर मल्लय्या आरामात पाठ खाजवत बसलेला.

"आता खाजवायचं सुदिक तुला इचारून व्हय?" असा ओरडला की आम्हाला इकडे ऐकू आलं!

श्रावणात मल्लय्या गेला. त्या दुपारी माग चालूच होता. दम लागला म्हणून मल्लय्या मागच्या दाराशी बाजेवर जाऊन टेकला होता आणि मागावर मुलगा बसला होता. नरसम्मा आमच्या ओसरीवर तो आवाज ऐकत, निवांत टाके घालत होती.

त्यानंतर तिनं शोध सांगितला नाही. नियम होता, पण आम्हीही मागितला नाही.

*

मार्गशीर्षात पेठेकडून बातमी आली की उंदीर मरून पडायला लागले. आमच्याकडे याची रीत ठरलेली आहे. घरात मेलेला उंदीर सापडला की घराला कुलूप लावायचं आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचं, प्लेग उतरेपर्यंत.

पण अंबाक्काच्या घरी काही वर्षांपूर्वी उंदीर मेला तो कोठीत, पोत्यांच्या मागे. कुणाला दिसलाच नाही. कळलं तेव्हा नवऱ्याच्या जांघेत गाठ आली होती. त्याच्या पाठोपाठ थोरला मुलगा. उरला धाकटा, गिरिजाचा नवरा.

त्यावरून अंबाक्कानं आपला शोध लावला होता. असा शोध मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

"मेलेला उंदीर लपतो, बाई. जिता लपत न्हाय. मग मेल्याची वाट कशाला बघायची? जित्याची हजेरी घ्यायची की!"

ती रोज संध्याकाळी कोठीच्या फरशीवर ज्वारीचं पीठ चाळणीनं पातळ पसरायची आणि मधोमध ताटलीत भाकरीचा तुकडा ठेवायची. सकाळी पिठावर पावलं असली म्हणजे उंदीर जिवंत, घर सुखरूप. ज्या सकाळी पावलं नसतील त्या सकाळी गाठोडं बांधायचं. माळावर झोपडी उभी करून ठेवली होती, गाडीवानालाही सांगून ठेवलं होतं.

मला हाताला धरून नेऊन तिनं दाखवलं. "हे बघा पाऊल. आन् ही शेपटीची रेघ. कशी लेखणीनं काढल्यागत हाय!"

गोदूताईंनी कपाळावर हात मारला. "सगळं गाव उंदराला विष घालतं आणि तू त्याला जेवायला वाढतेस!"

म्युनिसिपालिटीचा माणूस पिंजरे घेऊन आला तेव्हा अंबाक्का दारात आडवी उभी राहिली.

"आमच्याकडं उंदीर न्हाईत."

तेवढ्यात तिच्या पायांमधून एक जाडजूड उंदीर बाहेर पळाला.

"मग हा कोण, अव्वा?"

"त्यो? त्यो राखणदार हाय आमचा!"

*

बातम्या वाढल्या. गोदूताई बार्शीला बहिणीकडे निघून गेल्या. आमच्या घरी आम्ही सगळ्यांनी प्लेगचं टोचून घेतलं. मी अंबाक्काला म्हटलं, "गिरिजालाही टोचून घ्या."

"टोचलं की ताप भरतो. पोटुशीला ताप कसा चालंल?"

"आणि या दिवसांत तिला माळावर नेणं चालेल?"

"जीव राहिला तर थंडीचं बघता येतंय."

गिरिजा तिथेच दुपट्याचा काठ दुमडत बसली होती. तिची सुई थांबली. दोन थंड्यांपूर्वी तिचं पहिलं बाळ माळावरच्या झोपडीत गेलं होतं. प्लेगनं नाही, गारठ्यानं. माहेरी कुणी उरलं नव्हतं, तेव्हा दुसरीकडे पाठवायचीही सोय नव्हती. अंबाक्कानं तिच्याकडे बघितलं नाही. मीच दुपट्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "चल, इथून मी घेते."

*

आता शेवटचा किस्सा.

गिरिजाला नववा लागून थोडे दिवस झाले होते. सकाळी शाळेत निघाले तशी अंबाक्कानं दारातून हाक मारली. फार दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"या बाई, या! आज तर जत्रा भरली होती बघा. सगळ्या पिठावर पावलंच पावलं!"

मी कोठीत वाकून बघितलं. पावलं पुष्कळ होती. सगळी सारख्या अंतरावर, ताटलीपर्यंत गेलेली आणि तशीच नीट परत आलेली. भाकरीचा तुकडा अर्धा झाला होता, पण तो कुरतडलेला नव्हता, तोडलेला होता. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शेपटीची रेघ कुठेच नव्हती.

"किती नाजूक पावलं!" अंबाक्का म्हणाली. "लक्ष्मीच म्हणायची."

मी मागच्या अंगणात गेले. गिरिजा भांडी घासायला बसली होती, पण राखेत हात घालायचा राहिला होता. बोटांची टोकं पांढरी होती.

मी हळूच म्हटलं, "गिरिजा, शेपटी राहिली ग."

तिनं नाकारलं नाही. हात पदराखाली घेतला.

"केव्हापासून?"

"परवापासनं. उंदीर येईना झालेत, बाई."

"अग, मग तुला कळत कसं नाही? उंदीर येत नाहीत म्हणजे काय, हे या घरात तुला मी सांगायचं?"

"कळतंय की." ती इतकं हळू बोलत होती की मला खाली बसावं लागलं. "अत्तीनं घरात मरताना बघितलंय, म्हणून अत्ती घराला भिती. मी माळावर बघितलंय. माझ्या मांडीवर. सगळी रात छातीशी धरलं होतं, तरी गार पडत गेलं. तुमी त्यो वारा बघितला न्हाय, बाई. एकदा मोकळी होऊ द्या, मग मी आपण होऊन गाडीत बसते. थोड्या दिवसांचा तर सवाल हाय."

मला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला आणि तिला ओढत बाहेर न्यावंसंही वाटलं.

"हे बघ," मी म्हटलं, "झोपडीला आतून तट्टे लावू. शेगडी ठेवू. माझ्या घरच्या दोन्ही रजया देते. सुईणीला मी स्वतः टांग्यातून माळावर घेऊन येते. पण आज संध्याकाळच्या आत अत्तीला सांग. तू नाही सांगितलंस तर उद्या सकाळी मी सांगणार."

तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मग म्हणाली, "सांगते."

तिनं राखेत हात घातला आणि पातेलं घासायला घेतलं. आतून अंबाक्काचा आवाज आला, "गिरिजा, बाईंना गूळ दे ग हातावर! आज चांगला दिवस हाय." गिरिजानं हात धुतले आणि उठून मला गुळाचा खडा आणून दिला. तो तोंडात धरून मी शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाक्का मला कोठीत घेऊन गेली. पिठावर पावलं होती, आणि पावलांच्या प्रत्येक रांगेमागे शेपटीची बारीक रेघ होती, नखानं ओढल्यासारखी सरळ.