काडेपेटीपुढे नाव : सर्व

किस्से भांबुर्ड्यासारखे असतात. मुद्दाम कोणी पेरत नाही, बांधावर आपोआप माजतात. आमच्या पोपटी मंडळाचे तर इतके माजलेत की एकदा उपटून चारचौघांत टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. विम्याच्या कचेरीतला मी, निवृत्त इंजिनिअर सावंत आणि कट्टर शाकाहारी कुलकर्णी असे तिघं नवीन पनवेलच्या एकाच सोसायटीतले. चौथे आपटा गावचे म्हात्रे, ज्यांच्या शेतात हा तमाशा चालतो. दर हिवाळ्यात एका रविवारी मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी, अंडी भरायची, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. हीच पोपटी. पाणी नको, तेल नको. याहून सोपा स्वयंपाक पृथ्वीवर नाही. तो बिघडवायचा तर चार शहाणी माणसं एकत्र यावी लागतात.

पहिल्या वर्षी सावंतांनी कामांची यादी केली. यादी कसली, धरणाचा आराखडाच. मडकं मी, शेंगा म्हात्रे, बटाटे कुलकर्णी, कोंबडी-अंडी स्वतः सावंत. प्रत्येक वस्तूपुढे एक नाव, ग्रुपवर तीन-तीनदा टाकलेलं. शेतावर पोचलो, मडकं भरलं, पेंढा रचला आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

मी यादी उघडली. शेवटची ओळ : काडेपेटी – सर्व.

चार माणसं, तीन पदव्या, दोन गाड्या आणि एक काडी नाही! "सावंत, 'सर्व' म्हणजे नक्की कोण हो?" मी विचारलं. तर हे म्हणतात, "ती सामूहिक जबाबदारी असते."

म्हात्रेवहिनी घरातून काडेपेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "हा 'सर्व' कुठं राहतो तेवढं सांगा भाऊजी. परत देताना त्यालाच पाठवा."

*

पोपटी झाली की नाही ते बघायची एक पद्धत आहे. तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र होऊन लगेच उडाले की झाली.

दुसऱ्या वर्षी सावंतांनी मोबाईलवर गजर लावला आणि दर पाच मिनिटांनी शिंपडायला लागले. कुलकर्णींचा त्यांच्या गजरावर विश्वास नाही, म्हणून ते मधल्या वेळात शिंपडायचे. माझा दोघांवरही नाही, म्हणून मी आपली नुसती खात्री करून घेत होतो. त्या दुपारी त्या मडक्याला जेवढं पाणी मिळालं, तेवढं आमच्या सोसायटीला मे महिन्यात आठवडाभर मिळत नाही.

टण्ण आवाज झाला. मडकं उभं तडकलं.

तिघांनीही बाटल्या पाठीमागे लपवल्या. म्हात्रे वर्षाला दहा वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं. "यंदा पाऊस लवकर आला."

*

मग तिसऱ्या वर्षी कुलकर्णींनी वेगळं मडकं मागितलं. रास्त मागणी. दोन मडकी आणली आणि ओळख पटावी म्हणून कुलकर्णींच्या मडक्यावर मी खडूने फुली मारली. आता जाळात खडू टिकत नाही हे मला कोणी सांगायला नको? इंजिनिअर शेजारीच उभा होता!

जाळ विझला. दोन काळीठिक्कर मडकी, जुळी भावंडं. कुलकर्णींचा चेहरा त्यांच्याहून काळा.

"घाबरू नका," मी म्हणालो. "एक उघडू. त्यात कोंबडी निघाली की दुसरं तुमचं."

पहिल्यात कोंबडी निघाली. कुलकर्णींनी देवाला हात जोडले आणि दुसरं स्वतः उघडलं. त्यातून अंडं घरंगळत त्यांच्या पायाशी आलं.

सावंत शांतपणे म्हणाले, "ती अंडी मीच टाकलीत. बॅकअप म्हणून."

*

चौथ्या वर्षी आमच्या कचेरीत सहकार्याचं प्रशिक्षण झालं. वर्तमानपत्रांचा मनोरा उभारायचा होता. बाकीच्यांना मी हात लावू दिला नाही, म्हणून आमचा गट पहिला आला आणि मला 'उत्तम सहकारी' असं प्रमाणपत्र मिळालं. ते मी शेतावर नेलं. सगळ्यांना दाखवून सांगितलं, "यंदा पोपटी मी एकटा करणार. कोणी जवळ यायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही."

नीट दीड तास जाळ घातला. मडकं उघडलं तर शेंगांचा कोळसा. कोंबडी कुठली आणि बटाटा कुठला, हे सांगायला पंचनामा करावा लागला असता.

"अर्धा तास जळका वास येत होता," कुलकर्णी म्हणाले.

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलू नका म्हणालात. आम्ही सहकार्य केलं."

माझा संताप काय वर्णावा! पण वहिनींचा माझ्याहून मोठा निघाला. कोळसा झालेली एक शेंग त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "हे वाल मी कंबर मोडून लावलेत, भाऊजी. पुढल्या वर्षाला पोपटी खायजोगी झाली नाय, तर या शेतात पाय ठेवायचा नाय. चौघांनीबी." चौघांत त्यांचा नवराही आला.

*

यंदा वहिनींनीच कामं वाटली. सावंतांनी पाला निवडायचा. कुलकर्णींनी शेंगा धुवायच्या आणि आपल्या मडक्याच्या गळ्यात तार बांधायची. जाळ म्हात्रे बघणार.

"आणि मी?"

"तुमी बांधावर बसा. या दोघांना गोष्टी सांगा. कायपन सांगा, पन मडक्याकडं सोडू नका."

ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला बांधावर! मी अपमान गिळला आणि पाताळगंगा नदीत मी पाहिलेली मगर सुरू केली. सहा फूट लांब.

"सहा नसेल," सावंत म्हणाले. "पात्राची रुंदी बघता नऊ."

"आणि दात पिवळे असणार," कुलकर्णी म्हणाले. "मांसाहारी ना."

त्यांनी मला खोटं पाडायला हवं होतं. पण सावंतांनी काठीने मातीत मगर आखली, कुलकर्णींनी तिला दोन पिल्लं दिली, मी तिला होडीखाली घातली. पलीकडे मडक्यावर चर्र वाजलं. वहिनींनी हाक मारली, "झाली, या." कोणी उठेना. होडी कलंडायच्या बेतात होती.

शेवटी म्हात्रेच ताट घेऊन बांधावर आले. हिरव्यागार शेंगा, बटाट्याची साल सुटलेली, वाफ निघतेय. मातीतल्या मगरीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही आमच्याच आळीतली," ते म्हणाले आणि आमच्यात येऊन बसले.

वहिनींनी एक शेंग सोलली, खाल्ली. त्यांनी दुसरी सोलली.

"पुढल्या वर्षी मडकं मोठं आना."

सावंतांनी लगेच मोबाईल काढला. "मोठं मडकं. कोणाचं नाव टाकू?"

आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, "सर्व."

वहिनींनी जाळाजवळची काडेपेटी उचलली आणि पदराला गाठ मारून बांधून ठेवली.